उणे दहात बसायची पँट

११ नोव्हेंबर १९४० हा अमेरिकेत सुट्टीचा दिवस होता, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची आठवण म्हणून. मिनेसोटात त्या सकाळी नोव्हेंबरला न शोभणारी ऊब होती. मिसिसिपीच्या पात्रातल्या बेटांवर बदके मारायला निघालेल्यांनी जाड कपडे घरीच टाकले. दुपारपर्यंत वारा फिरला. आधी पाऊस, मग गारा, मग बर्फ. दिवसभरात पारा पंचवीसेक अंश सेल्सिअसने उतरला. नदीला लाटा एवढ्या की होडी घालायची सोय नाही, आणि अंगावरचे भिजलेले सुती कोट गोठून कडक झालेले. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड आपल्या छोट्या विमानातून नदीवर घिरट्या घालत राहिला. माणूस दिसला की वरून खाण्यापिण्याचे डबे टाकायचा आणि बचावाला निघालेल्यांना वाट दाखवायचा. त्या वादळात मध्य-पश्चिम अमेरिकेत दीडशेच्या आसपास माणसे गेली, एकट्या मिनेसोटात ४९. त्यांत बदकांचे शिकारी बरेच होते.

आता हवामानाचा अंदाज खिशातल्या फोनवर येतो, त्यामुळे इतका दगाफटका सहसा होत नाही. थंडी मात्र तीच आहे. शेजारच्या विस्कॉन्सिनात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि त्यासाठी साडेपाच लाखांच्या घरात लोक परवाना काढतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून मराठी वाचकाला हे जरा विचित्र वाटेल. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा तो सरकारमान्य मार्ग आहे. आधुनिक पर्यावरणविचाराचा पाया घालणाऱ्यांत ज्याचे नाव घेतात तो अल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होता आणि हौशी शिकारीही होता. बाकी परवाना काढणारी माणसे म्हणजे शेतकरी, कारखान्यातले कामगार, प्लंबर, शाळामास्तर. वर्षभराचे मांस फ्रीजरमध्ये पडले तर हवेच असते त्यांना.

अशा माणसाने शिकारीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात जाऊन कडक थंडीची पँट मागितली, तर नामांकित कंपनीच्या गॅलिसवाल्या पँटची किंमत पाचशे डॉलरच्या वर निघते. चाळीस हजारांहून जास्त रुपये, वर्षातून नऊ दिवस घालायच्या कपड्याला! त्याहून स्वस्तातही पुष्कळ माल असतो, पण तो घेऊन फसलेले लोक भरपूर. उबेला पैसे फार लागत नाहीत. पैसे जातात ते इतर गोष्टींना, आणि त्यांतल्या बऱ्याचशा हरणाच्या शिकाऱ्याला लागतही नाहीत.

आधी या माणसाचा दिवस कसा जातो ते बघायला हवे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बंदूक चालवायची मुभा सुरू होते, म्हणजे त्याआधी आपल्या झाडावर चढून बसलेले असायला हवे. तेव्हा पहाटे साडेचार-पाचला अंधारात निघायचे, गुडघाभर बर्फ तुडवत, पाठीवर सामान, खांद्यावर बंदूक. वीस-पंचवीस मिनिटांनी झाडाला लावलेल्या शिडीवर चढायचे, वरच्या छोट्या पत्र्याच्या बैठकीवर बसायचे, आणि मग दुपारपर्यंत हलायचे नाही. उणे दहा, त्यात वारा.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॉट उष्णता तयार करते. तोच माणूस ओझे घेऊन बर्फातून चढ चढत असला की हाच आकडा चारशे-पाचशेवर जातो. म्हणजे एकाच सकाळी, एकाच माणसाला, एकाच तापमानात दोन अगदी वेगळ्या पँटी हव्यात. चालताना पातळ, बसल्यावर जाड. दुकानात मात्र तो एकच पँट मागतो आणि ती जितकी जाड तितकी चांगली असे धरून चालतो. मग ती घालून चालताना मांड्या घामाने निथळतात आणि तो घाम पुढचे सहा तास त्याच्या अंगातली ऊब शोषत राहतो. थंडीने कुडकुडत परत आलेल्या शिकाऱ्याला विचारा. पँट पातळ होती असे तो सांगेल. बहुतेक वेळा ती पातळ नसते, ओली असते.

म्हणून जाणते लोक बाहेरची जाड पँट घालून चालतच नाहीत. ती गुंडाळून पाठपिशवीला बांधतात, आतल्या पातळ पँटवर चालतात, झाडाखाली पोचल्यावर दोन मिनिटे अंगातली वाफ जाऊ देतात आणि मग जाड पँट चढवतात. आता अंधारात, एका पायावर उभे राहून, उणे दहात बूट काढायचा आणि पुन्हा घालायचा म्हटले तर मोजा बर्फात टेकणारच. यासाठी कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणारी चेन असलेली पँट असते. बूट न काढता ती पायांभोवती गुंडाळून दोन्ही बाजूंनी चेन ओढायची की झाले. पँट घेताना ज्या एका सोयीसाठी चार पैसे जास्त द्यावेत अशी ती हीच. ती नसेल तर पँट इतकी ढगळ असावी की बुटासकट पाय आत जाईल.

ऊब कापडात नसते, कापडाने अडवलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते; पाणी तिच्या सुमारे पंचवीसपट वेगाने नेते. पँटचे काम एवढेच, की मांडीजवळची हवा जागची हलू द्यायची नाही आणि तिच्या जागी पाणी येऊ द्यायचे नाही. सुती कापड इथे दगा देते. सुताचे धागे पाणी पितात, मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात आणि हवेचे कप्पे मिटवतात. ‘कॉटन किल्स’ असे तिकडचे डोंगरवाले लोक म्हणतात ते याचसाठी. जीन्स घालून बर्फात बसणे म्हणजे आजार विकत घेणे. अडचण अशी की स्वस्त दुकानांत थर्मल म्हणून जी खळग्यांच्या विणीची आतली पँट मिळते ती बऱ्याचदा सुतीच असते, निदान अर्धी. म्हणून लेबल वाचायचे. पॉलिस्टरचे साधे थर्मल पंधरा-वीस डॉलरला मिळते. ते स्वतः पाणी पीत नाही, घाम बाहेरच्या थराकडे सरकवते.

लोकरीचा प्रकार वेगळा. तिचा केस कुरळा असतो, दाबला तरी पुन्हा उभा राहतो, त्यामुळे भिजल्यावरही हवेचे कप्पे बरेचसे शाबूत राहतात. स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के वाफ ती पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती वाफ घेताना थोडी उष्णताही सोडते. आपल्या धनगरांना हे कोणी शिकवायला नको. मृगाच्या पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर मेंढरांमागे उभा असलेला माणूस भिजतो, पण काकडत नाही. त्या घोंगडीला सणगर चिंचोक्याची खळ देतात आणि ती इतकी घट्ट होते की पाणी बराच वेळ वरच्यावरच ओघळते. तिकडे हेच काम लोकर कुटून, आटवून करतात. कापड गरम पाण्यात चोळले की केसांचे खवले एकमेकांत अडकतात, वीण दिसेनाशी होते आणि वारा आत घुसायला जागा राहत नाही. सिएटलची फिल्सन कंपनी १८९७ सालची, क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेल्यांना असलेच कपडे विकून मोठी झाली. व्हरमाँटमधली जॉन्सन वुलन मिल्स १८४२ची. पेनसिल्व्हेनियातली वूलरिच १८३०ची. तिच्या लाल-काळ्या चौकड्यांच्या लोकरी कोट-पँटला लोक थट्टेने ‘पेनसिल्व्हेनियाचा टक्सिडो’ म्हणत. तिथली गिरणी २०१८मध्ये बंद पडली. नव्या लोकरी पँटची किंमत आज दोन-तीनशे डॉलरच्या घरात जाते, तेव्हा या नावांनी खिशाचा प्रश्न सुटत नाही.

दुकानातली महागडी पँट कशाचे पैसे घेते हे आता पाहू. सगळ्यात वर दिसते ती पानाफांद्यांची छपाई. रियलट्री आणि मॉसी ओक हे दोन प्रसिद्ध छाप, दोन्ही १९८६ सालचे. त्यांचा नमुना वापरायचा तर कपडेवाल्याला त्यांना पैसे द्यावे लागतात. हरणाला मात्र त्या छापाचे फारसे कौतुक नसते. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, माणसात तीन. लाल-नारिंगी त्याला मळकट पिवळे किंवा करडे दिसते, निळे मात्र आपल्यापेक्षा चांगले. म्हणून तर अपघात टाळण्यासाठी विस्कॉन्सिनने १९८०पासून भडक नारिंगी सक्तीचे केले तरी हरणे काही पळून गेली नाहीत. शिवाय कायदा कमरेच्या वरच्या कपड्यांपुरता आहे. पँटच्या रंगाशी त्याला देणेघेणे नाही. तेव्हा पँट करडी, तपकिरी, शेवाळी, कशीही चालते. टाळायची ती निळी. आणि कपडे पांढरे शुभ्र करणाऱ्या साबणाची पावडरही टाळायची, कारण तिच्यातली चमक वाढवणारी द्रव्ये कापडाला निळसर उजाळा देतात. आपल्याला तो जेमतेम जाणवतो, हरणाला ठळक दिसतो. रानटी टर्की मारायला निघालेल्याने छपाईवर जरूर खर्च करावा, पक्ष्यांना रंग उत्तम कळतात. हरणासाठी तो खर्च निव्वळ शिकाऱ्याच्या समाधानाचा.

हरीण कानाने मात्र फार तिखट. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तीस हजारांपर्यंत, आणि चार ते आठ हजारांच्या पट्ट्यात त्याचे कान सर्वांत तल्लख असतात. नायलॉनची पँट मांडीला मांडी घासून जी खसखस करते ती थंडीत आणखी वाढते, कारण कापडावरचा लेप कडक होतो. स्वस्त बर्फाची पँट म्हणून स्कीवाल्यांची पँट घेणारे इथेच फसतात. ऊब असते, वारा अडतो, पण बंदूक उचलायला गुडघा जरा वळवला की पन्नास पावलांवरचे हरीण मान वर करते. पँट घेताना दुकानातच दोन्ही मांड्या एकमेकांवर घासून पाहाव्यात. लोक बघतील, बघू द्यावे.

ऊबदार हवी, मुकी हवी, छाप नको, आणि स्वस्त हवी. या चारही अटी पुऱ्या करणारी वस्तू अमेरिकेत गेली कित्येक दशके लष्करी जुन्या मालाच्या दुकानांत पडून आहे: युरोपातल्या सैन्यांच्या लोकरी पँटी. स्वीडन, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांत प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा असे आणि युद्ध झालेच तर लाखोंना एकदम अंगावर चढवायला कपडे लागतील म्हणून कोठारे भरून ठेवलेली असत. शीतयुद्ध संपले, फौजा आटल्या, कोठारे रिकामी करायला काढली. त्यांतल्या कित्येक पँटी कोणाच्या अंगाला लागलेल्याही नव्हत्या. पंचवीस ते साठ डॉलरला त्या मिळत आल्या आहेत. आता साठे संपत चाललेत आणि भाव चढताहेत, तरी अजून याच्या आसपास येणारा सौदा दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी सैन्याच्या १९५१च्या नमुन्याच्या लोकरी पँटीही चांगल्या. कोरियाच्या हिवाळ्यात पोळलेल्या लष्कराने ते कपडे मनावर घेऊन केलेले दिसतात.

असली पँट हातात आली की आधी उजेडासमोर धरावी. कसरीने केलेली बारीक भोके तशीच दिसतात, विशेषतः खिशांच्या कडेला आणि पायांच्या मधल्या शिवणीवर. एखाददुसरे भोक रफू होते, चाळणी झालेली पँट ठेवून द्यावी. बैठक आणि गुडघे बोटांनी चाचपावेत, तिथे लोकर झिजून नुसता ताणा उरलेला असतो. लेबल गेलेले असेल तर दुकानदाराला विचारून आतल्या शिवणीतला एक धागा काढावा आणि काडी लावावी. लोकर केस जळल्यासारखा वास मारते, काडी दूर केली की विझते, मागे चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. थोडे नायलॉन मिसळलेले असले तर बिघडत नाही, पँट टिकते जास्त. मापाच्या बाबतीत आकड्यांवर भरवसा ठेवू नये. युरोपीय मापे वेगळी आणि पन्नास वर्षांत लोकर आटलेलीही असते. टेप लावून कंबर मोजावी आणि नेहमीपेक्षा दोन-तीन इंच मोठीच घ्यावी. आत थर्मल आणि एक फ्लीसची पायजमा-पँट जायची आहे, आणि ते थर दाबले गेले तर अडवलेली हवाच निघून जाते. घट्ट जाड पँट ही ढगळ पातळ पँटपेक्षा थंड असू शकते. मोठी कंबर पट्ट्याने आवळायची नाही, गॅलिस लावायचे. या पँटींना बहुधा गॅलिसची बटणे असतातच. पट्टा नसला की पोटाभोवतीचे थर दबत नाहीत आणि वाकल्यावर पाठीत वारा शिरत नाही.

लांबी जास्त असेल तर उत्तरेकडच्या जंगलतोड्यांची जुनी रीत चांगली: पँट घोट्याच्या वर कात्रीने सरळ कापून टाकायची, दुमडून शिवायचीही नाही. लांब काठ बर्फात ओढला जातो, भिजतो, गोठतो आणि मग पायात दोन किलोचे बर्फाचे कडे घेऊन चालावे लागते. आटवलेली लोकर उसवत नाही, त्यामुळे शिवणकामाचेही पैसे वाचतात.

लोकरीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती जड असते. टोचते, पण आत थर्मल असल्यावर ते जाणवत नाही. झाडाझुडपांची कुसळे तिला भरभरून चिकटतात. आणि भिजून चिंब झाली तर वाळायला दोन दिवस घेते. पावसाळी नोव्हेंबरात, बर्फाऐवजी चिखल असताना, मी तिची शिफारस करणार नाही.

ज्यांना लोकर मिळत नाही त्यांच्यासाठी शेती-अवजारांची दुकाने आहेत. विस्कॉन्सिन-मिनेसोटात फ्लीट फार्मसारख्या दुकानांत ट्रॅक्टरच्या ऑइल फिल्टरशेजारी छातीपर्यंत येणाऱ्या, आत अस्तर भरलेल्या कामगारी पँटी टांगलेल्या असतात. गोठ्यात पहाटे काम करणाऱ्यांसाठी त्या केलेल्या, म्हणून दणकट. कारहार्टची तपकिरी पँट तिकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तिचे वरचे कापड जाड सुती असते: भिजते, गोठते, खरखरते. कोरड्या थंडीत, बंदिस्त मचाणात ती छान. उघड्यावर नको. आणि छातीपर्यंतच्या पँटीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट: नारिंगी जाकिटाखाली तिचे गॅलिस अडकलेले असताना निसर्गाची हाक आली म्हणजे काय होते, याचा विचार खरेदीआधी करावा.

वेळही साधावी लागते. हंगाम नोव्हेंबरअखेर उरकतो, की डिसेंबर-जानेवारीत हाच माल मोठ्या सवलतीत निघतो. गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत तर वारलेल्या आजोबांच्या लोकरी पँटी कधी आठ-दहा डॉलरला हाती लागतात. त्या दुकानांतूनही न खपलेली लोकर पुढे गठ्ठ्यांनी विकली जाते आणि तिचा मोठा हिस्सा आपल्या पानिपताला येतो. तिथल्या गिरण्या जुने लोकरी कपडे फाडून, पुन्हा कातून मदतकार्यात वाटायच्या करड्या चादरी-कांबळी करतात. परदेशातून येणारे कपडे पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून फाडूनच आत घेतले जातात. जानेवारी १७६१मध्ये उबदार कपड्यांवाचून त्याच मैदानावर काकडलेल्या मराठी फौजेची आठवण इथे मराठी माणसाला आल्यावाचून राहत नाही.

पँट कितीही चांगली असली तरी बसल्यावर तिची बैठक दबते आणि तिथली हवा निघून जाते. खाली थंडगार पत्रा. यावर दहा डॉलरची फोमची गादी, पाणी न पिणारी, एवढाच उपाय, आणि दर डॉलरमागे सगळ्यात जास्त ऊब तीच देते. वाऱ्याचे गणितही असेच. उणे बाराला ताशी तीस किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे बाविसासारखा लागतो. उघड्यावर झाडावर बसणाऱ्याने लोकरीच्या आत, फ्लीसवर, एक पातळ वारा अडवणारी पँट घालावी. ती आत असली की तिची खसखस लोकरीखाली दबते. पायांकडे एवढे लक्ष द्यायचे कारण साधे आहे. भाजलेल्या रुग्णाचे क्षेत्रफळ मोजायच्या डॉक्टरी हिशेबात दोन पाय मिळून शरीराच्या ३६ टक्के पृष्ठभागाचे धनी असतात. लोक मात्र सगळा पैसा जाकिटावर घालतात आणि नंतर बोटे गारठली म्हणून बूट बदलतात. मांड्या गार पडल्या की शरीर पावलांकडचा रक्तपुरवठा आखडते; तेव्हा नव्या बुटांनी काही होत नाही.

जुनी लोकरी पँट, पॉलिस्टरचे थर्मल, फ्लीस, वारारोधक पातळ पँट, गॅलिस आणि फोमची गादी, हे सगळे ढोबळमानाने सव्वाशे-दीडशे डॉलरांत बसते. मिनियापोलिस-शिकागोकडच्या मराठी घरांत बंदूक नसली तरी बस-थांब्यावर किंवा मुलांच्या घसरगाडीपाशी बर्फात तासभर उभे राहणे असतेच. लेहला जानेवारीत गोठलेल्या नदीवरून चालायच्या चादर ट्रेकला निघालेल्यांचेही तेच. त्यांनाही हाच संच चालेल. मुकेपणाची अट तेवढी गाळावी.

हंगाम संपल्यावर लोकरी पँट न धुता कपाटात टाकू नये. कसरीच्या अळ्या घामाचे आणि तुपकट डाग आधी शोधतात. थंड पाण्यात, साध्या सौम्य साबणाने धुवावी; गरम पाण्याने ती मुलाच्या मापाची होईल. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जात नाही आणि हरणाचे नाक कानापेक्षाही तिखट असते. अळ्या असल्याची शंका असेल तर पँट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडा-दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावी, त्या मरतात. विस्कॉन्सिनातल्या शिकाऱ्याकडे तो फ्रीजर असतोच. प्रश्न फक्त जागेचा, आणि हरीण मिळाले नसेल तर तोही नाही.